याच्ट

इंग्रजीतले काही शब्द स्वभावाने गरीब असतात. ‘कॅट’ घ्या, ‘मॅट’ घ्या, ‘रॅट’ घ्या. अंगावर अक्षरं तीन, आणि तिन्ही कामाला. बसून खाणारं कुणी नाही. आपल्या मध्यमवर्गीय घरासारखंच की! याउलट काही शब्द जन्मजात श्रीमंत. त्यांच्या वाड्यात एखाद-दुसरं अक्षर दिवसभर नुसतं लोळत असतं. ‘सायकॉलॉजी’च्या दारात एक ‘पी’ उभा असतो. तो कुणाशी बोलत नाही. ‘नाइफ’च्या पुढे एक ‘के’ असतो. त्याला कुणी हाक मारत नाही. पण या सगळ्या श्रीमंतांत खरा खानदानी शब्द म्हणजे ‘यॉट’. एकूण अक्षरं पाच : वाय, ए, सी, एच, टी. त्यातली मधली दोन कसलंही काम करत नाहीत. चाळीस टक्के स्टाफ पूर्ण पगारी रजेवर! ज्या वस्तूचं नाव लिहितानाच इतकी उधळपट्टी, ती वस्तू बाळगायला काय पडत असेल, याचा अंदाज शाळकरी वयातच यायला हरकत नाही.

आमच्या शाळेत इंग्रजीच्या मास्तरांनी मात्र या ऐतखाऊपणाला थारा दिला नाही. भिंतीवर तक्ता होता. ‘एक्स’च्या जागी दरवर्षीचा तो झायलोफोन, आणि त्याच्या शेजारी निळ्या पाण्यात पांढरं त्रिकोणी शीड. मास्तरांनी छडी त्या शिडावर टेकवली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “वाय फॉर याच्ट!” साठ पोरांनी तीनदा ओरडून पाठ केलं, “याच्ट! याच्ट! याच्ट!” मास्तरांचा समुद्राशी संबंध भूगोलाच्या पुस्तकातून यायचा तेवढाच. शिवाय अक्षर छापलंय म्हणजे ते उच्चारायचंच, अशी त्यांची सरळ देशस्थी वृत्ती होती. पुढे कॉलेजात गेलेल्या पोरांनी गावात येऊन मास्तरांचं हसं केलं. ‘यॉट’ म्हणायचं असतं म्हणे! मास्तरांनी चष्मा पुसला आणि एवढंच म्हणाले, “मग मधली अक्षरं काय शोभेला ठेवलीत?”

प्रश्न बिनतोड होता. आणि त्याचं उत्तर असं आहे, की ती शोभेची नव्हतीच मुळी.

हा शब्द इंग्रजांचा नाही. तो डचांचा. डच भाषेत ‘याख्त’ म्हणजे शिकार. पाठलाग करून पकडण्यासाठी बांधलेलं हलकं, चपळ जहाज म्हणजे ‘याख्त-स्खिप’, आणि बोलताना त्याचं झालं नुसतं ‘याख्त’. डचांचा देश सखल. खाड्या, कालवे, उथळ किनारे यांनी भरलेला. तिथे चाचे, चोरटा माल आणणारे आणि शत्रूची गलबतं यांच्या मागे धावायला असलं चपळ जहाज हवं होतं. थोडक्यात, याख्त म्हणजे समुद्रावरचा शिकारी कुत्रा. आराम, पंखा, सरबत यांचा त्यात काही संबंध नव्हता.

आणि त्यातला ‘ख’ डच माणूस अगदी घशातून काढतो. आपल्याकडे खोकला झालेला माणूस काढतो तसा. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत तुरळक दिसायला लागला, तेव्हा इंग्रजांनी त्याचं स्पेलिंग ज्याला जसं सुचलं तसं केलं. ‘ख’ लिहायचा तर होता, पण म्हणायचा नव्हता. कारण तो आवाज इंग्रजांच्या गळ्यातून तोवर बहुतेक जायला निघाला होता. ‘नाइट’मधला मुका ‘जीएच’ आठवतो का? तोही एके काळी ‘ख’सारखा बोलायचा. जर्मन माणूस अजून ‘नाख्त’ म्हणतो. आणि आपली आजी सोमवारी ‘नक्त’ करायची, म्हणजे दिवसभर उपास करून रात्री जेवायची, त्या ‘नक्त’ची आणि इंग्रजी ‘नाइट’ची आजी एकच. ‘डॉटर’मधलाही ‘जीएच’ तसाच. आपल्या ‘दुहिते’चा ‘ह’ आपण जपला, त्यांनी बोलण्यातून टाकला आणि लिहिण्यात ठेवला. अडगळीतल्या घंगाळासारखा. वापरत नाही, पण मोडीतही घालवत नाही.

तेव्हा आमचे मास्तर तसे फारसे बहकले नव्हते. लंडनच्या रेडिओपेक्षा ते ॲमस्टरडॅमला जास्त जवळ होते, एवढंच.

आता शिकारी कुत्र्याचं मांडीवर बसणारं मांजर कसं झालं, ते बघू. या परिवर्तनामागे एक राजा आहे. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचं डोकं 1649 साली प्रजेने उडवलं आणि त्याचा मुलगा परागंदा झाला. त्या वनवासातला काही काळ त्याने हॉलंडात काढला, आणि तिथल्या पाण्यात त्याला या होड्यांचा नाद लागला. माणसाला वनवासात कसला नाद लागेल सांगता येत नाही. आपल्याकडे पांडवांना द्यूताचा नाद आधी लागला आणि वनवास मागून आला. इथे क्रम उलटा. 1660 साली प्रजेचा राग निवळला आणि दुसरा चार्ल्स गादीवर बसायला परत गेला. ॲमस्टरडॅम शहराने आहेर म्हणून त्याला एक देखणी याख्त पाठवली. तिचं नाव ‘मेरी’.

सॅम्युएल पेपीस नावाचा एक आरमारी कारकून त्या काळात रोजनिशी लिहीत होता. कारकून म्हटल्यावर आपल्याला त्याच्याबद्दल लगेच आपुलकी वाटते. 1660 सालच्या 15 ऑगस्टला हा गृहस्थ राजवाड्यावर कामाला गेला, तर राजेसाहेब जाग्यावर नाहीत. पहाटे पाचलाच उठून नदीवर डच होडी बघायला गेलेले! परत आल्यापासून राजा सगळ्यांना भल्या पहाटे उठवून दमवतो, अशी तक्रारही पेपीसने त्याच नोंदीत करून ठेवली आहे. नवी स्कूटर घेतलेला शेजारी रविवारी पहाटे पाचला ती पुसायला लागतो आणि सगळी चाळ उठते, त्यातलाच हा प्रकार.

आणि स्कूटरीचं असतं तेच पुढे झालं. थोरल्याने घेतली म्हटल्यावर धाकटा गप्प बसतो होय? राजाचा भाऊ, ड्यूक ऑफ यॉर्क, यानेही एक याख्त बांधवली. तिला बायकोचं नाव दिलं, ‘ॲन’. राजाच्या नव्या याख्तीचं नाव ‘कॅथरीन’. मग पैज लागली. 1 ऑक्टोबर 1661 रोजी टेम्स नदीत ग्रीनिचहून ग्रेव्हजेंडपर्यंत जायचं आणि परत यायचं. पैज शंभर पौंडांची. जॉन इव्हलिन नावाचे आणखी एक रोजनिशीकार त्या दिवशी राजाबरोबर होते. त्यांनी नोंदवून ठेवलंय, की जाताना वारा उलटा असल्यामुळे राजा हरला आणि येताना जिंकून त्याने पैज बरोबरीत सोडवली. वारा उलटा होता! तीनशे वर्षं झाली तरी हरणाऱ्याच्या कारणात काही फरक पडलेला नाही. आणि राजाच्या बाबतीत ते कारण रोजनिशीत जातं, हा राजा असण्याचा फायदा. अधूनमधून महाराज स्वतः सुकाणू धरत होते. मागून एक वेगळी स्वयंपाकाची होडी येत होती. तिच्यावर महाराजांचं जेवण शिजत होतं.

त्याच नोंदीत इव्हलिनसाहेबांनी ‘यॉट’ या शब्दाचा अर्थही कंसात देऊन टाकला : मौजेची होडी. झालं. शिकार गेली, मौज राहिली. मागून स्वयंपाकघर तरंगत यायला लागलं, की कुठल्याही शब्दाचा अर्थ बदलतो.

आता तुम्ही म्हणाल, टेम्स नदीतल्या दोन भावांच्या शर्यतीशी आमचं काय देणंघेणं? आहे ना! ती ‘कॅथरीन’ कोण? पोर्तुगालची राजकन्या. तिच्याशी चार्ल्सच्या लग्नाचा करार त्याच 1661 साली झाला आणि त्या करारात हुंडा म्हणून काय आलं? मुंबई! म्हणजे ज्या साली राजाने होडीला वधूचं नाव दिलं, त्याच साली वधूपक्षाने राजाला आपली मुंबई दिली. राजाला होडी बघायला पहाटे पाचला उठवणारा उत्साह मुंबईच्या बाबतीत कुठे दिसत नाही. 1668 साली त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. भाडं? वर्षाला दहा पौंड. आता हिशेब करा. एका दिवसाच्या होडीशर्यतीची पैज शंभर पौंड, आणि सबंध मुंबईचं वर्षाचं भाडं दहा. एका दिवसाच्या पैजेत मुंबईचं दहा वर्षांचं भाडं! आजही मुंबईत जागेचं नाव काढलं की माणसं सुस्कारा टाकतात. सगळी माजघरं, गॅलऱ्या, खोल्या आणि शिवाय अख्खं बंदर दहा पौंडांत गेलं होतं, हे त्यांना कुणी सांगू नये. वरून पागडी नाही!

आणि गंमत अशी, की राजाच्या आधीच आपल्या कोकणाने याख्त पाहिलेली असणार. डचांची वेंगुर्ल्याला वखार होती. 1637 च्या सुमाराची. तिचे पडके अवशेष अजून तिथे आहेत. गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करायला डचांचे ताफे या किनाऱ्यावर यायचे, आणि डच कंपनीच्या ताफ्यांत याख्त जातीची जहाजं असायचीच. म्हणजे लंडनच्या उमरावांना हा शब्द जेव्हा नवलाचा वाटत होता, तेव्हा वेंगुर्ल्याच्या बंदरावरच्या हमालाने तो वीस वर्षांपूर्वी ऐकून, बाजूला थुंकून, सोडून दिला असेल. कारण त्याला त्यात मौज दिसली नसणार. पाठलाग दिसला असणार.

पाठलाग पुढे उलटलाही. मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचीही एक शस्त्रसज्ज यॉट होती. 1712 सालच्या नोव्हेंबरात कारवारच्या बाजूच्या समुद्रात ती कान्होजी आंग्र्यांच्या गुराब-गलबतांच्या तडाख्यात सापडली आणि पाडाव झाली. त्या लढाईत कंपनीचा चाऊन नावाचा अधिकारी मारला गेला आणि त्याची तरुण बायको कैद झाली. पुढच्या वर्षी तीस हजार रुपये मोजून कंपनीने तिला सोडवली. त्या बिचारीच्या दुःखावर विनोद करण्यासारखं काही नाही. पण शब्दाच्या नशिबाकडे बघा. ‘शिकारी’ नावाची होडी, आणि तिचीच शिकार! इंग्रज आंग्र्यांना चाचे म्हणत राहिले. मूळ याख्त ज्यांच्यामागे धावायला जन्मली तो शब्द त्यांनी आपल्या सरखेलांना लावला. एवढा एक भाग त्यांनी मूळ अर्थाला धरून केला म्हणायचा.

त्यानंतर यॉट कामधंद्यातून जवळजवळ निवृत्तच झाली आणि क्लबात जाऊन बसली. आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरात 1720 साली होडीवाल्या शौकिनांचा क्लब निघाला. 1815 साली इंग्लंडात दुसरा निघाला. तो पुढे ‘रॉयल यॉट स्क्वाड्रन’ झाला. एकदा क्लब निघाला, की आत कोण हा प्रश्न मागे पडतो आणि बाहेर कोण याची यादी सुरू होते. या यादीतलं सगळ्यात मजेदार नाव आपल्या घरोघरी डब्यावर छापलेलं असायचं : लिप्टन. होय, चहावाला लिप्टन! ग्लासगोच्या किराणा दुकानातून वर आलेला हा माणूस ‘सर’ झाला, कोट्यधीश झाला आणि त्याला यॉटींचं वेड लागलं. अमेरिकेशी होणाऱ्या प्रसिद्ध चषकासाठी त्याने 1899 ते 1930 या काळात पाच वेळा झुंज दिली. पाच यॉटी, पाचही ‘शॅमरॉक’ नावाच्या, आणि पाचही वेळा हार. शेवटी अमेरिकनांनाच इतकी दया आली, की वर्गणी काढून त्यांनी त्याला एक सोन्याचा चषक दिला. असा हरणारा पुन्हा होणे नाही, म्हणून! पण इंग्लंडच्या त्या स्क्वाड्रनने त्याला सभासद करून घेतलं ते 1931 साली, म्हणजे तो वारला त्या वर्षी. सर्वांना चहा पाजणारा माणूस; पण मूळचा किराणावाला ना! पंक्तीत कसा घ्यायचा?

हा वास ओळखीचा वाटतो की नाही? सोवळं-ओवळं म्हणून आपल्याला हसणारे साहेब लोक क्लबाच्या पायरीवर आमच्या आत्याबाईंपेक्षा कडक होते. मुंबईत त्यांचा यॉट क्लब 1846 साली निघाला आणि पुढे तो ‘रॉयल’ झाला. अपोलो बंदरावरची ती देखणी इमारत गेटवेला गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेली असते. दाणे खात, बाहेरून. इंग्रजी अमदानीत आत जायची मुभा फक्त गोऱ्यांना. काळा माणूस आत जाई तो ट्रे घेऊन. होडी मात्र चालवायला सोवळ्यातून चालायची नाही. दोर ओढायला, होडी धुवायला, ओहोटीला ढकलायला आपलेच खलाशी. ज्या बंदरात शेकडो वर्षं कोळ्यांची शिडं फिरत होती, त्या बंदरात शीड उभारायची हौस कुणी करावी, हे ठरवायचं मात्र व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून. त्या क्लबाची जुनी इमारत स्वातंत्र्यानंतर अणुऊर्जेच्या कामाला मिळाली, आणि जिथे वारा कुठल्या दिशेचा यावर खल व्हायचा तिथे डॉक्टर भाभांची माणसं अणू फोडण्याच्या गोष्टी करायला लागली. नाव मात्र ‘ओल्ड यॉट क्लब’ असंच राहिलं. मुक्या ‘सीएच’सारखं. आणि क्लबाची दारंही पुढे उघडली. आता आपल्यालाही आत जाता येतं. फक्त ट्रेऐवजी चेकबुक न्यावं लागतं.

पण मला खरी अडचण वेगळीच वाटते. यॉटला मराठीत म्हणायचं काय?

आपल्याकडे होड्यांचे शब्द कमी आहेत असं नाही. होडी, तर, तारू, पडाव, मचवा, शिबाड, गुराब, गलबत. एका दमात आठ झाले. पण यातला एकही शब्द रविवारचा नाही. सगळे सोमवार ते शनिवार राबणारे. कुणी मीठ नेतो, कुणी कौलं आणतो, कुणी जाळी टाकतो, कुणी तोफा डागतो. आजोळी वेंगुर्ल्याकडे एक म्हातारे तांडेल होते. वय ऐंशीच्या पुढे, दात दोन. त्यांना मी एकदा यॉट म्हणजे काय ते समजावून सांगत होतो. म्हटलं, “आजोबा, काही काम नसताना नुसतं फिरायला समुद्रात न्यायची होडी.” त्यांनी विडीचा झुरका घेतला आणि विचारलं, “आणि येताना हाडतत काय?”

“काही नाही आणत.”

“मगे जातत कित्याक?”

“मौज म्हणून.”

तांडेल बराच वेळ समुद्राकडे बघत राहिले. मग अगदी सहानुभूतीने म्हणाले, “घराकडे धड नसात रे कायतरी.”

ही अडचण भाषेची नाही, पोटाची आहे. समुद्र म्हणजे ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी परत आलेलं नाही अशी जागा, त्यांना पाण्यावरच्या मौजेसाठी शब्द सुचायचा कसा? आणि घाटावरच्या शास्त्र्यांनी तर समुद्र ओलांडणंच पाप ठरवून ठेवलेलं. एकाला समुद्रातून फुरसत नाही, दुसऱ्याला समुद्रात परवानगी नाही. मौज करणार कोण? मग कोशकारांनी ‘क्रीडानौका’ असा शब्द घडवला. शब्द शुद्ध आहे, पण त्यात बसून कुणी कुठे गेल्याचं ऐकिवात नाही. ‘नौकाविहार’ म्हणाल तर पौराणिक सिनेमातली तळ्यातली हंसाच्या तोंडाची होडी डोळ्यांपुढे येते. आणि हल्ली नगरपालिकेच्या तलावातली पायाने पॅडल मारायची बदकं. आमच्या कुटुंबाने त्यात एकदा विहार केला आहे. अर्ध्या तासात गुडघे धरले.

इंग्रजीने मात्र आपल्याकडून बिनदिक्कत उचललं. आज यॉट क्लबात जाऊन बघा. दोन सांगाड्यांवर तरंगणारी मोठी दिमाखदार यॉट असते, तिला ‘कॅटमरान’ म्हणतात. मूळ तमिळ कोळ्यांचं ‘कट्टुमरम्’, म्हणजे बांधलेले ओंडके. पोरं शिकतात त्या छोट्या शिडाच्या होडीला ‘डिंगी’ म्हणतात. ती तर सरळ आपल्या देशातल्या नदीवरची गरीब ‘डिंगी’! ओंडक्यावर बसून मासे धरणाऱ्याचा शब्द क्लबात मानाने सभासद झाला. त्या कोळ्याला तिथे कुणी घेतलं असतं की नाही, हा प्रश्न वेगळा.

एकीकडे यॉटचा आकार वाढता वाढता इतका वाढलाय, की चार्ल्सची ‘मेरी’ त्यापुढे परडी वाटावी. अमेरिकेतल्या बेझोस नावाच्या महाश्रीमंत दुकानदाराने सुमारे 127 मीटर लांबीची शिडाची यॉट बांधून घेतली. बांधली कुणी? डचांनीच. शब्द फिरून माहेरी गेला. पण माहेरी त्याचं स्वागत काही झालं नाही. 2022 साली तिच्या डोलकाठ्या जाव्यात म्हणून रॉटरडॅममधल्या जुन्या रेल्वेपुलाचा मधला भाग तात्पुरता काढायचा बेत निघाला, तेव्हा गावकऱ्यांनी नासकी अंडी घेऊन स्वागताला यायची तयारी चालवली. शेवटी डोलकाठ्या न लावताच, दुसऱ्या वाटेने, यॉट गुपचूप काढून नेली. आणि ऐका, 2023 मध्ये ती समुद्रावर गेली तेव्हा तिच्या दिमतीला 75 मीटरची दुसरी एक बोट होती. राजाची स्वयंपाकाची होडी आठवली ना? साडेतीनशे वर्षं झाली, मौजेच्या मागून स्वयंपाकघर येतंच आहे.

दुसरीकडे, ज्यांना खरोखर वाऱ्याशी झुंजायचं आहे त्यांनी हा शब्द हळूहळू सोडायला सुरुवात केली. ऑलिंपिकमध्ये या खेळाला कितीतरी वर्षं ‘यॉटिंग’ म्हणत. 2000 सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून नुसतं ‘सेलिंग’ म्हणतात. यॉटिंग म्हटलं की लोकांना शर्यत दिसेना, सरबत दिसायला लागलं.

आपल्याकडे ही गोष्ट ज्या माणसाच्या डोक्यात शिजली ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्त होऊन राहिले होते सातारा जिल्ह्यात, फलटणजवळच्या विंचुर्णीला. तिथून समुद्र दिसायला डोंगर चढला तरी उपयोग नाही. पण एका भारतीयाने शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हे त्यांनी मनात धरलं. नौदलात दिलीप दोंदे नावाचा अधिकारी म्हणाला, मी जातो. होडी कुठे बांधायची? गोव्यात, मांडवीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. तिथे तोवर असली होडी कुणी बांधली नव्हती. 56 फुटांची होडी तयार झाली आणि तिला नाव दिलं ‘म्हादेई’. मांडवीचंच वरच्या अंगाचं, डोंगरातलं नाव. 2009 च्या ऑगस्टात दोंदे मुंबईहून निघाले आणि 2010 च्या मे महिन्यात परत आले. एकटे. मागून स्वयंपाकाची होडी नव्हती. 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी त्याच होडीतून कुठेही न थांबता एकटे फिरून आले. मग दांडेकरांनीच बांधलेल्या ‘तारिणी’तून 2017-18 मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा मुली गेल्या, आणि 2024-25 मध्ये दिलना आणि रूपा या दोघीच.

केप हॉर्नच्या समुद्रात ज्या लाटा उठतात त्यांची वर्णनं या मंडळींनी सांगितली आहेत. डोक्यावर दोन-तीन मजल्यांचं पाणी, हात गोठलेले, सुकाणू मोडलेलं, आणि दुरुस्ती करायला बाजूला कुणी नाही. याला मौज म्हणायचं? तांडेलांचा प्रश्न इथेही लागू पडतो. येताना आणलं काय? मासळी नाही, कौलं नाहीत, मीठ नाही, जिंकलेला मुलूख नाही. आणि तरीही त्यांच्या घराकडे काही बिघडलेलं होतं असं कुणी म्हणणार नाही. दोंद्यांची होडी आली तेव्हा गोव्यात-मुंबईत ज्यांनी आयुष्यात कधी बदकाची होडीसुद्धा चालवली नाही, अशी माणसं पेपर वाचताना दोन मिनिटं ताठ बसली. आमच्या घरातही कुणी दोन मिनिटं चहा मागितला नाही.

त्यामुळे मी ‘क्रीडानौका’ आता सोडला आहे. आपल्याकडे एक साधा शब्द आहे, हौस. दारापुढे भल्यामोठ्या रांगोळ्या काढणारी बाई, पदरचे पैसे घालून नाटक करणारा कारकून, पहाटे उठून पर्वतीला जाणारे आजोबा, या सगळ्यांना तो एकच शब्द पुरतो. हौसेला मोल नसतं म्हणतात. त्यात ‘महाग’ हा अर्थ आहे आणि ‘विकत मिळत नाही’ हाही आहे. बेझोसला पहिला लागू, दोंद्यांना दुसरा. म्हणून माझ्यापुरती यॉट म्हणजे हौसेची होडी. नौदलाने तर वादच मिटवलाय. ‘म्हादेई’च्या आणि ‘तारिणी’च्या नावामागे यॉट लावलेलंच नाही. अधिकृत भाषेत ते ‘सेलिंग व्हेसल’, म्हणजे शिडाचं तारू. वेंगुर्ल्याच्या तांडेलाला ते कळलं असतं.

मध्यंतरी गेटवेहून लाँचने मांडव्याला जात होतो. यॉट क्लबाच्या समोरच्या पाण्यात पांढऱ्याशुभ्र यॉटी नांगरून पडल्या होत्या. पंधरा-वीस तरी असतील. लाँचवरच्या खलाशाला विचारलं, “या कधी बाहेर निघतात?”

“कधीतरी,” तो म्हणाला. “शेठ आले तर. बाकी आमची पोरं जाऊन धुवून येतात, मशीन चालू करून बघतात. उभं राहून राहून खराब होतं ना.”

“पोरं शीड लावून फिरवत नाहीत कधी?”

त्याने मागे बघितलं, केबिनच्या बाजूला कुणी ऐकत नाही याची खात्री केली, आणि नुसता हसला.